चार्नॉकची शिळा आणि महोगनीची पेटी

कोलकात्याच्या नैऋत्येला डायमंड हार्बर रस्त्याने निघाले की तारातला मागे पडते आणि बेहाला सुरू होते. शखेर बाजाराजवळचा बडिशा हा बेहाल्याचा जुना भाग. सावर्ण रायचौधुरी या जमीनदार घराण्याची 'आटचाला', म्हणजे छपराचा मोठा मंडप, इथे आहे. तिच्या मूळ मंडपाचे जाड खांब अजून उभे आहेत, आणि १६१० पासून इथे दुर्गापूजा होत आली आहे, असे घराण्याची परंपरा सांगते. सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांचे हक्क ईस्ट इंडिया कंपनीने याच घराण्याकडून घेतले. तारीख होती १० नोव्हेंबर १६९८, रक्कम १३०० रुपये आणि दस्तऐवजाची भाषा फारसी. करार आटचालेतच झाला, असे घराणे मानते. कंपनीच्या वतीने हा व्यवहार पाहणारा अधिकारी होता चार्ल्स आयर, म्हणजे जॉब चार्नॉकचा जावई.

चार्नॉक तोवर या जगात नव्हता. २४ ऑगस्ट १६९० रोजी तो सुतानुटीच्या घाटावर उतरला आणि १६९३ च्या जानेवारीत वारला. कलकत्त्याचा संस्थापक म्हणून पुढे दीर्घकाळ त्याचे नाव शाळेच्या पुस्तकांत छापले गेले. बेहाल्याच्या रायचौधुरी घराण्याच्या परिषदेने या दाव्याला २००१ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयात आव्हान दिले. तज्ज्ञांच्या समितीचा अहवाल पाहून न्यायालयाने २००३ मध्ये निर्णय दिला: या शहराला कोणी एक संस्थापक नाही आणि वाढदिवसही नाही. पाठ्यपुस्तकांतून चार्नॉकचे ते बिरुद गेले. विज्ञानात मात्र त्याचे नाव टिकून आहे आणि जगभरच्या भूविज्ञानाच्या पुस्तकांत आजही छापले जाते. ते नाव एका खडकाचे आहे.

आयरने सासऱ्याच्या थडग्यावर १६९५ च्या सुमारास अष्टकोनी घुमटी बांधली. बडिशापासून साधारण दहा किलोमीटरवर, आजच्या सेंट जॉन्स चर्चच्या आवारात ती उभी आहे. चर्च तिच्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १७८७ मध्ये झाले. आतल्या शिळेवर लॅटिन लेख आहे. शिळा काळपट आणि कठीण असून अक्षरांच्या कडा अजून धारदार आहेत. बंगालच्या गाळाच्या जमिनीत असा दगड मिळत नाही. गंगेच्या या मुखप्रदेशात शेकडो मीटर खोलवर माती, वाळू आणि गाळच आहे. शिळा आली होती समुद्रमार्गे मद्रासच्या बाजूने. दोन शतके लोकांनी तिच्यावरचा लेख वाचला. शिळा स्वतः कशाची बनली आहे, हे पाहण्याचे साधन तेव्हा नव्हते.

ते साधन एडिंबरोत जन्माला आले. कॅल्साइटचा आइसलँडमध्ये मिळणारा पारदर्शक प्रकार, आइसलँड स्पार, प्रकाशाच्या एका किरणाचे दोन करतो. डेन्मार्कच्या बार्थोलिनने हे १६६९ मध्येच नोंदवले होते. विल्यम निकलने १८२८ मध्ये असा स्फटिक तिरका कापला आणि त्याचे दोन तुकडे कॅनडा बाल्सम या झाडाच्या डिंकाने पुन्हा चिकटवले. दोन किरणांपैकी एक त्या डिंकाच्या थरावरून परतून बाजूला जातो आणि एकाच दिशेत कंप पावणारा दुसरा किरण पलीकडे निघतो. हाच निकल लोलक. सूक्ष्मदर्शकात एक लोलक वस्तूच्या खाली आणि एक वर बसवला की काचेसारखी दिसणारी खनिजे रंगांनी उजळतात. प्रत्येक खनिजाचे रंग वेगळे आणि फिरवल्यावर ते विझण्याचे कोनही वेगळे.

पण प्रकाश आरपार जाईल असा दगड आणायचा कुठून? शेफिल्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीने १८४९ मध्ये खडकाचा काप घासून पारदर्शक होईपर्यंत पातळ केला. जीवाश्म लाकडाचे असे काप एडिंबरोत आधीपासून होत असत; सॉर्बीने तीच रीत खडकाला लावली. १८५८ मध्ये त्याने स्फटिकांच्या सूक्ष्म रचनेवरचा आपला प्रसिद्ध निबंध छापला. डोंगर सूक्ष्मदर्शकाखाली तपासणार का, असे म्हणून अनेकांनी त्याची थट्टा केली. ऱ्हाइनकाठी त्याची गाठ पडलेल्या फर्डिनांड झिर्केल या तरुण जर्मन भूवैज्ञानिकाने मात्र ही विद्या मनावर घेतली. झिर्केल आणि रोझेनबुश यांचे या विषयावरचे मोठे ग्रंथ १८७३ या एकाच वर्षी निघाले. रोझेनबुशच्या आराखड्याप्रमाणे बर्लिनच्या फ्यूस कारखान्याने १८७६ च्या सुमारास खास खडकांसाठी फिरत्या, अंशांकित बैठकीचा सूक्ष्मदर्शक केला. लंडनच्या जेम्स स्विफ्ट यांच्या कारखान्याने १८८९ मध्ये अ‍ॅलन डिकच्या कल्पनेवरून दुसरा नमुना काढला. त्यात काप जागीच राहतो आणि दोन्ही लोलक एकदम फिरतात.

असा सूक्ष्मदर्शक सहसा सुटा विकला जात नसे. तो पेटीत येई.

पेटी उभी असते, छोट्या कपाटासारखी. समोर बिजागऱ्यांचे दार, त्याला कुलूप आणि माथ्यावर दुमडणारी पितळी कडी. सूक्ष्मदर्शकाचा पाय एका फळीवर घट्ट बसतो आणि ती फळी पेटीच्या तळातल्या खोबणीतून आत सरकते. काही पेट्यांत तळाखालून एक लांब स्क्रू वर येतो आणि पाय जखडून टाकतो. बाजूच्या खणात भिंगांचे पितळी डबे असतात, त्यांच्या झाकणांवर इंचांतली मापे कोरलेली. इथवर ती वैद्याच्या किंवा वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पेटीसारखीच दिसते. ओळख पटते ती लहान खाचांवरून. एका खाचेत क्वार्ट्‌झची पाचर, दुसरीत अभ्रकाची पट्टी, तिसरीत जिप्समची, आणि एका गोल भोकात वरचा निकल लोलक. पाचर सरकवून खनिजाच्या रंगाची प्रत ठरवतात. जिप्समची पट्टी घातली की पार्श्वभूमी किरमिजी लाल होते आणि प्रकाश खनिजातून कोणत्या दिशेने हळू जातो ते कळते. या पट्ट्या बोटभर लांबीच्या, आणि हरवल्या तर विलायतेशी जहाजी पत्रव्यवहाराशिवाय दुसरी मिळणार नाही अशा. त्यांना मखमलीचे घर देण्यामागे हे कारण होते.

लाकूड बहुधा महोगनी. कॅरिबियन बेटांवरून आणि मध्य अमेरिकेतून आलेले हे लाकूड इंग्रज सुतारांचे आवडते होते, कारण चांगले मुरवले की ते हवेतल्या ओलाव्याने फारसे फुगत किंवा आकसत नाही. जिथे फळी केसभर वाकली तरी सूक्ष्मदर्शक अडकून बसेल, तिथे हा गुण मोलाचा. कोपरे खिळ्यांनी न जोडता दोन्ही फळ्यांना दात पाडून एकमेकांत गुंतवलेले असत. वरून फ्रेंच पॉलिश, म्हणजे स्पिरिटात विरघळवलेली लाख मऊ कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवून आणलेली चमक. सूक्ष्मदर्शकाच्या पितळेलाही काळे पडू नये म्हणून लाखेचाच हात दिलेला असे.

ही लाख हिंदुस्थानातली. छोटा नागपूरच्या जंगलांत पळस, कुसुम आणि बोरीच्या फांद्यांवर लाखेचे किडे राळेचे कवच करतात. ती राळ खरवडून, वितळवून, पत्रे काढून कलकत्त्याच्या बंदरातून जगभर जाई. कलकत्त्याहून निघालेली लाख लंडनच्या सुताराच्या हाताखालून पेटीवर चढून कलकत्त्यालाच परत येत असे. महोगनीनेही हा प्रवास आधीच केला होता. शिबपूरच्या कंपनी बागेत, आजच्या आचार्य जगदीशचंद्र बोस उद्यानात, महोगनीची पहिली रोपे वेस्ट इंडीजमधून १७९५ मध्ये आली. हुगळीच्या त्या काठावरची बाग आणि या काठावरचा बेहाल्याकडचा किनारा यांमध्ये नदीचे पात्र तेवढे आहे.

कलकत्त्यात या पेट्या उतरल्या त्या प्रामुख्याने एका संस्थेसाठी. थॉमस ओल्डहॅम मार्च १८५१ मध्ये इथे आला आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे काम सुरू झाले. पुढे चौरंगीवर इंडियन म्युझियमला लागून सर्वेक्षणाचे मुख्यालय झाले. सुरुवातीचे लक्ष्य होते रेल्वे आणि आगबोटींसाठी कोळसा. खडकांचे नकाशे काढायचे, थर मोजायचे, जीवाश्म गोळा करायचे, एवढ्यापुरती हातभिंगाची नजर पुरेशी होती. १८८० नंतर चित्र पालटले.

ते पालटण्यात दोन माणसांचा मोठा वाटा आहे. पहिला चार्ल्स मॅकमहॉन, पंजाबात नोकरी करणारा लष्करी आणि मुलकी अधिकारी. रजेवर विलायतेला गेला असताना वयाच्या पन्नाशीच्या आसपास तो विद्यार्थ्यांच्या बाकावर बसून सूक्ष्मदर्शकाची विद्या शिकला. परतल्यावर सर्वेक्षणाच्या नियतकालिकात त्याने हिमालयातल्या डलहौसीच्या खडकांवर, हिमालयी ग्रॅनाइटवर आणि एडनच्या लाव्हावर लेखांमागून लेख लिहिले. १८८७ मध्ये त्याने राजमहाल आणि दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या कापांचे वर्णन केले. महाराष्ट्रातल्या घाटाघाटांत दिसणारा कातळ भिंगाखाली कसा दिसतो, याचे हे सुरुवातीच्या वर्णनांपैकी एक. भारत आणि तिबेट यांच्यामधली मॅकमहॉन रेषा ज्याच्या नावाने ओळखली जाते, तो हेन्री मॅकमहॉन याचाच मुलगा.

दुसरे प्रमथनाथ बसू. लंडनमध्ये शिकून १८८० मध्ये ते सर्वेक्षणात वरिष्ठ श्रेणीत रुजू झाले. नर्मदेच्या खालच्या खोऱ्यावरचा त्यांचा ग्रंथ १८८४ चा. इथल्या खडकांच्या अभ्यासात सूक्ष्म कापांचा उपयोग रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. मयूरभंजच्या लोहखनिजाबद्दल १९०४ मध्ये जमशेदजी टाटांना पत्र लिहिणारे भूवैज्ञानिक तेच. त्या पत्रातून पुढे जमशेदपूर उभे राहिले.

काप करण्याची रीत मेहनतीची होती. दगडाची चकती घ्यायची, लोखंडी पत्र्यावर कुरुंदाची पूड आणि पाणी घालून तिची एक बाजू सपाट घासायची, कॅनडा बाल्सम तापवून ती बाजू काचेला चिकटवायची आणि मग दुसरी बाजू घासत राहायचे. जाडी ०.०३ मिलिमीटरवर आली की थांबायचे. ही जाडी कुठल्याही मापपट्टीने कळत नाही. दोन लोलकांमध्ये क्वार्ट्‌झचा कण करडा-पांढरा दिसू लागला की काप झाला. त्यावर पिवळेपणा असेल तर अजून जाड आहे. दोन-चार फेऱ्या जास्त झाल्या तर सगळा काप काचेवरून पुसला जातो. बाल्सम कमी तापला तर चिकट राहतो, जास्त तापला तर ठिसूळ होऊन तडकतो. घासणाऱ्याचा अंदाज बोटांत मुरलेला असावा लागे. हे काम करणाऱ्यांची नावे निबंधांवर छापली जात नसत. त्यांच्या हातचे काप मात्र खाचांच्या लाकडी पेट्यांत, कागदी चिठ्ठ्यांसह, पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिले.

कलकत्त्यातल्या या कामाला ऋतूचा एक पेच होता, आणि लाकडी पेटीची खरी कसोटी त्यातच लागे. भूवैज्ञानिक पावसाळा संपला की तंबू, बैलगाड्या किंवा उंट घेऊन मुलखात जात आणि नोव्हेंबर ते एप्रिल दगड फोडत हिंडत. उन्हाळा तापला की गोळा केलेले नमुने घेऊन मुख्यालयात परतत. काप घासणे, भिंगाखाली पाहणे, अहवाल लिहिणे हे सगळे पावसाळ्यात चाले. म्हणजे सूक्ष्मदर्शक पेटीतून बाहेर येण्याचे मुख्य महिने हे कलकत्त्याच्या हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहण्याचे महिने. पितळेवर हिरवट डाग पडत, सरसाने जोडलेले सांधे सैल होत. काचेवर बुरशीची जाळी धरे आणि तिच्यातून पाझरणारी आम्ले काचेचा पृष्ठभाग कायमचा खरवडून टाकत. निकल लोलकाचे कॅल्साइट तर इतके मऊ की त्याच्यावर साध्या पितळी नाण्यानेही चरा पडावा.

पेटी या सगळ्यात राखणदार होती, पण तिचा दोषही तिच्यातच होता. धूळ, वाळवी आणि धक्के तिने बाहेर ठेवले. ओली हवा एकदा आत कोंडली गेली की मात्र अंधारी, बंद, मखमलीची ती जागा बुरशीला फार मानवे. म्हणून जाणते लोक उघडिपीच्या दिवशी दार उघडे टाकून पेटीला हवा देत आणि आत ओलावा शोषणाऱ्या क्षाराची वाटी ठेवत. विलायतेतल्या कारखान्यांनीही हळूहळू हे ओळखले. 'उष्ण प्रदेशांसाठी' म्हणून निघालेल्या कॅमेऱ्यांत महोगनीच्या जागी सागवान आले आणि सरसावर भरवसा न ठेवता सांध्यांवर पितळी पट्ट्या स्क्रूने आवळल्या गेल्या.

अशा कलकत्त्यात १८९० मध्ये थॉमस हेन्री हॉलंड दाखल झाला. वय बाविशीच्या आसपास. लंडनमध्ये जॉन वेस्ली जड यांच्या हाताखाली तो खडकांचे सूक्ष्म निरीक्षण शिकला होता. १८९२ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात भूविज्ञानाचे वर्ग निघाले, तेव्हा पहिला अध्यापक म्हणून हॉलंडच शिकवायला जाई. मद्रासजवळच्या पल्लावरमच्या टेकड्यांतला काळसर, तेलकट चमकेचा खडक त्याच्या अभ्यासात होता. ही जागा सर्वेक्षणाला आधीपासून परिचयाची. रॉबर्ट ब्रूस फूटला १८६३ च्या मे महिन्यात आदिमानवाचे दगडी हत्यार सापडले ते पल्लावरमलाच. आता त्याच टेकडीचा दगड भिंगाखाली आला.

कापात क्वार्ट्‌झ होते, फेल्डस्पार होते, लोहाचे काळे कण होते. म्हणजे घडण ग्रॅनाइटची. पण ग्रॅनाइटात नेहमी अभ्रक किंवा हॉर्नब्लेंड सापडते. इथे त्याच्या जागी होते हायपरस्थीन. खालचा एकच लोलक ठेवून काप फिरवला की हे खनिज फिकट गुलाबीवरून फिकट हिरव्यावर जाते आणि पुन्हा गुलाबीवर येते. साध्या डोळ्याला हा खेळ दिसत नाही. हातात दगड नुसता काळा दिसतो. हायपरस्थीन असलेला ग्रॅनाइट हा वेगळ्या नावाला पात्र खडक होता, आणि हाच दगड कलकत्त्यात एका प्रसिद्ध थडग्यावर दोनशे वर्षे पडून होता.

१८९३ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात हॉलंडने जॉब चार्नॉकच्या थडग्याच्या शिळेवर छोटा लेख लिहिला. शिळा पल्लावरमच्या जातीची आहे हे दाखवून त्याने खडकाला नाव दिले चार्नोकाइट. सात वर्षांनी, १९०० मध्ये, सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत त्याने दक्षिण भारतातल्या या साऱ्या खडकांच्या मालिकेचे सविस्तर वर्णन केले. निलगिरी, शेवरॉय, पूर्व घाट, श्रीलंका आणि पुढे अंटार्क्टिकाही, असा या खडकाचा पसारा सापडत गेला. एकेकाळी हे भूभाग एकाच गोंडवन खंडात जोडलेले होते, या मांडणीत पुढे अशाच खडकांची साक्ष उपयोगी पडली. हायपरस्थीन हे नाव खनिजांच्या अधिकृत यादीतून १९८८ मध्ये वगळले गेले. चार्नोकाइट हे नाव टिकले.

लाकडी पेटीला या गोष्टीत जागा मिळते ती इथे. थडग्याची शिळा जागची हलवता येत नाही आणि पल्लावरम कलकत्त्यापासून तेराशे किलोमीटरहून अधिक दूर. दोन ठिकाणच्या दगडांचे काप एकाच टेबलावर, एकाच लोलकांखाली, त्याच अंशांकित बैठकीवर तोलले गेले तरच तुलना खरी. लोलक तसूभर हलले, बैठकीचे केंद्र सरकले, पाचरेला तडा गेला तर रंग आणि कोन बदलतात. जहाजातले हेलकावे, बंदरावरची हमाली आणि कलकत्त्याचा पाऊस सोसून यंत्र लंडनला जुळवले होते तसेच राहिले, याचे बरेचसे श्रेय त्या दात गुंतवलेल्या फळ्यांना आणि तळातल्या स्क्रूला आहे. विज्ञानाच्या इतिहासात भिंगे घडवणाऱ्यांची नावे आहेत; पेट्या घडवणाऱ्या सुतारांची नाहीत. एका खंडात मांडलेले माप दुसऱ्या खंडात खरे ठरावे, ही जबाबदारी त्यांनीही उचलली होती.

महाराष्ट्राच्या वाट्यालाही हे काम आले. लुइस फर्मोर १९०२ मध्ये सर्वेक्षणात आला आणि नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा या पट्ट्यातल्या मँगनीजच्या मागे लागला. तिथल्या खाणी नुकत्याच जोरात सुरू झाल्या होत्या. १९०९ मध्ये त्याचा भारतातल्या मँगनीजवरचा हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ निघाला. मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्‌झ यांच्या खडकाला त्याने गोंड लोकांवरून गोंडाइट हे नाव दिले. नागपूर जिल्ह्यातल्या बेलडोंगरी गावावरून एका खनिजाला बेलडोंगराइट म्हटले. झाबुआजवळच्या खाणीतल्या खनिजाला आपल्या ज्येष्ठाच्या नावाने हॉलंडाइट म्हटले. पुढे भुसावळला कोळशाच्या शोधात खोल छिद्र पाडले गेले. कोळसा लागला नाही, पण त्या छिद्रातून एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या थरांचे नमुने वर आले. त्यांचे फर्मोरने केलेले सूक्ष्म वर्णन १९२५ मध्ये सर्वेक्षणाच्या नियतकालिकात आले. घाटात बाहेरून एकसारखा दिसणारा काळा कातळ किती वेळा वाहत आला, थांबला आणि पुन्हा वाहिला, हे कापांच्या त्या मालिकेतून उलगडत गेले.

यंत्र बिघडले तर काय? कलकत्त्याची त्यासाठी स्वतःची सोय होती. भारताच्या भूमापनाचा प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट याच्या आग्रहावरून १८३० मध्ये हेन्री बॅरो हा लंडनचा कारागीर इथे आला आणि गणिती उपकरणांचे सरकारी कार्यालय सुरू झाले. बॅरो गेल्यावर त्याची जागा घेतली सय्यद मीर मोहसीन हुसेन यांनी. ते अर्काटचे, मूळचे जवाहिरे. एव्हरेस्टने त्यांच्या हाताची मनापासून तारीफ केली आहे. तरी कंपनीने त्यांना पद देताना नाव आणि पगार दोन्ही कमी केले, आणि १८४३ मध्ये ते 'गणिती उपकरणकार' झाले. भूमापनाची थिओडोलाइट, होकायंत्रे, साखळ्या आणि त्यांच्या पेट्या यांची दुरुस्ती इथे होई. बहूबाजारचे फर्निचरवाले आणि शहरातले चिनी सुतार यांच्यामुळे कलकत्त्यात बारीक लाकूडकामाला हातांची वाण नव्हती. स्वातंत्र्यानंतर, १९५७ मध्ये, याच कार्यालयातून नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स ही सरकारी कंपनी झाली आणि जादवपूरला तिचा कारखाना चालला. तो बंद पडल्यावर ती जागा जादवपूर विद्यापीठाकडे आली.

लाकडी पेटीचे दिवस मधल्या काळात ओसरले होते. १९१४ च्या युद्धाने जर्मन मालाची वाट बंद केली. त्याआधीच आइसलँडमधल्या हेल्गुस्तादिर खाणीतला चांगला स्पार संपत आला होता आणि मोठे लोलक महाग झाले होते. एडविन लँडने १९३० च्या सुमारास ध्रुवीकरण करणारा पातळ पत्रा काढला. पोलरॉइड म्हणून तो प्रसिद्ध झाला आणि सूक्ष्मदर्शकांत लोलकांची जागा घेऊ लागला. आता मऊ कॅल्साइटला मखमलीची गरज राहिली नाही. सूक्ष्मदर्शक जड झाले, टेबलावर कायमचे बसले आणि त्यांच्यावर प्लास्टिकची टोपी आली. पुण्या-नागपूरच्या महाविद्यालयांत भूविज्ञान शिकलेल्या जुन्या पिढीला प्रयोगशाळेच्या कपाटातल्या त्या पेट्या आठवतील. पुढच्या पिढ्यांनी त्या बहुधा रिकाम्याच पाहिल्या.

आज अशा पेट्या लिलावघरांत आणि जुन्या बाजारांत येतात. पुष्कळदा पेटी एकीकडे विकली जाते आणि आतला पितळी सूक्ष्मदर्शक दुसरीकडे. यात जे तुटते ते पुन्हा जोडता येत नाही. दाराच्या आतल्या बाजूला विक्रेत्याची चिठ्ठी असते. जर्मन पेट्यांत भिंगांच्या जोड्यांचे वर्धन दाखवणारा तक्ता आणि यंत्राचा क्रमांक लिहिलेले कार्ड असते. तो क्रमांक पितळेवर कोरलेल्या क्रमांकाशी जुळला तर यंत्र आणि पेटी जन्मापासून एकत्र आहेत हे ठरते. सरकारी खात्याचा शिक्का, कॉलेजचा कपाट-क्रमांक, एखाद्या मालकाची शाईतली सही, हे सगळे लाकडावर राहते. पितळ घासून लखलखीत करता येते आणि त्यासरशी त्याचा इतिहासही पुसला जातो. लाकूड तो धरून ठेवते.

म्हणून ज्यांच्या घरी किंवा संस्थेत अशी पेटी आहे, त्यांनी तिला नवे पॉलिश देऊ नये. जुन्या लाखेच्या थरात शंभर वर्षांची बोटे आहेत, आणि ती एकदा खरवडली की गेली. यंत्र ओल्या ऋतूत पेटीत कोंडू नये. ते हवेशीर, कोरड्या कपाटात आणि पेटी त्याच्या शेजारी ठेवावी, पण सूचीत दोन्ही एकाच क्रमांकाखाली असावीत. दाराच्या आतल्या चिठ्ठ्यांची छायाचित्रे आधी काढावीत, कारण कसर पहिल्यांदा कागदच खाते. बेहाल्यात राज्य पुरातत्त्व संग्रहालय आहे, आणि बडिशात रायचौधुरी घराण्याचेही संग्रहालय आहे. शहरभरच्या जुन्या घरांत आणि महाविद्यालयांच्या माळ्यांवर अजून अशा वस्तू असतील, तर त्या नोंदवण्याचे काम इथल्या माणसांनीच हाती घ्यायला हवे. प्रत्येक खाचेची लांबी, रुंदी आणि खोली मिलिमीटरमध्ये लिहून ठेवावी, रिकाम्या खाचांचीही. कुठे पाचर होती, कुठे जिप्समची पट्टी, ती कोणत्या कारखान्याच्या मापाची, हे त्या आकड्यांवरून पुढच्या अभ्यासकाला ओळखता येईल.